गल्ल्याची चावी कुणाकडं?



१४ एप्रिलला नाक्यानाक्यावर बाबासाहेब उभे राहतात. निळा कोट, गळ्यात टाय, काखेत संविधान, बोट वर. ढोल असतात, डीजे असतो, पुढाऱ्यांचे बॅनर असतात, आणि बॅनरवर पुढाऱ्याचं थोबाड बाबासाहेबांपेक्षा मोठं असतं. कायदेपंडित बाबासाहेब सगळ्यांना ठाऊक. बुद्धाच्या वाटेनं नेणारे बाबासाहेब ठाऊक. महाडचे, काळारामाचे, पुणे कराराचे बाबासाहेब ठाऊक. एक बाबासाहेब मात्र मिरवणुकीत कुठंच दिसत नाहीत. सरकारी जमाखर्चाच्या वह्या उघडून बसलेले, कुणाकडून किती उकळलं आणि कुणावर किती उडवलं याची पै-पै मोजणारे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक भीमराव रामजी आंबेडकर.

हे संपादकीय त्या माणसावर आहे. कारण सरळ आहे. वस्तीतला नळ, संडास, शाळा, दवाखाना, गटार यांचं प्रत्येक भांडण शेवटी म्युनिसिपालटीच्या गल्ल्यापाशी येऊन थांबतं. तिथं आपल्याला एकच उत्तर मिळतं : फंड नाही. आपण घोषणा देतो, निवेदन देतो, चहा पिऊन परत येतो. फंड का नाही, कुणी ठरवलं, कुठल्या पानावर लिहिलंय, हे विचारायची अक्कल आणि हत्यार दोन्ही आपल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी तयार करून ठेवलंय. ते गंजत पडलंय.

आधी त्या माणसाचं करिअर बघू. करिअर हा शब्द आजकाल फार चालतो, म्हणून मुद्दाम वापरतो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर महाराचा पोरगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथं त्यानं जे अभ्यासक्रम घेतले त्यात एकट्या अर्थशास्त्राचे २९ होते. बाकी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वेगळं. १९१५ साली एम.ए. झाला. त्याचा गुरू एडविन सेलिग्मन. कर कुणावर बसवावा, तो खरा कुणाच्या डोक्यावर जाऊन पडतो, या विषयात त्या काळी जगात ज्यांचं नाव होतं त्यातला हा माणूस. म्हणजे आपल्या पोरानं विषय निवडला तो सरकारच्या तिजोरीचा. सत्ता कुठं राहते हे ज्याला शोधायचं असतं तो तिजोरीकडंच जातो.

तिथून १९१६ मध्ये लंडन. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये अर्ध्यावर परत. करारानं बांधलेली बडोद्याची नोकरी. कोलंबियातून शिकून आलेला हा विद्वान बडोद्यात राहायला खोली शोधत फिरला. पारशांच्या खाणावळीत नाव लपवून राहिला आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढला. राज्याच्या हिशेबात मुरलेला माणूस रडला. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. वाचा एकदा.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर त्यांचा निबंध छापून आला. सगळे शहाणे सांगत होते, जमिनीचे तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. हा तरुण प्राध्यापक म्हणाला, रोग तुकड्यांत नाही. जमिनीवर जगणाऱ्यांची गर्दी जास्त, भांडवल कमी आणि हातांना दुसरं काम नाही. शेतीचा इलाज कारखान्यात आहे. आज गावातून हाकललेली आपली माणसं ज्या झोपडपट्ट्यांत भरलीत, त्यांच्या जन्माचं कारण त्या निबंधात सापडतं.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या आणि मित्राच्या मदतीवर पुन्हा लंडन. १९२१ साली एम.एस्सी., प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या तिजोरीच्या विकेंद्रीकरणावर. १९२३ साली डी.एस्सी., प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं त्यांचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक काढलं. प्रस्तावना सेलिग्मनची. गुरूनं लिहिलं की या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या तत्त्वांचा इतका बारीक अभ्यास आपल्या माहितीत दुसरीकडं कुठंच झालेला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी चलनावरच्या रॉयल कमिशनपुढं त्यांची साक्ष झाली.

आता बघा, इथपर्यंतचं करिअर. पुढची वाट मोकळी होती. प्राध्यापकी, कमिशनवर नेमणूक, सरकारी तज्ज्ञ, सर की पदवी, मलबार हिलवर बंगला. दुसरा कुणी असता तर गेला असता. आपल्यातले शिकलेले अजून जातायत. चार बुकं शिकली की वस्तीचा पत्ता विसरायचा, आडनाव बदलायचं, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये झोपडपट्टीच्या घाणीवर नाक मुरडायचं. बाबासाहेबांनी करिअर लाथाडलं, पण विद्या लाथाडली नाही. हा फरक नीट ध्यानात घ्या. खुर्ची सोडली आणि हिशेबाची वही बरोबर घेऊन रस्त्यावर आले.

त्या १९२५ च्या पुस्तकात आहे काय? बोजड नाव बघून घाबरू नका. गोष्ट गल्ल्याचीच आहे.

१८३३ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं सगळ्या हिंदुस्थानचा पैसा एका पेटीत टाकला. मुंबई, मद्रास, बंगाल हे प्रांत खर्च करायचे, पण पैसा कलकत्त्याहून मागायचे. जो जास्त बोंबलेल त्याला जास्त. काटकसर करणारा मूर्ख ठरायचा, कारण वाचवलेला पैसा परत वरच जायचा. १८५७ च्या उठावानं पेटी रिकामी झाली. १८६० साली जेम्स विल्सननं पहिलं अंदाजपत्रक मांडलं, आयकर आणला, तरी तोंडमिळवणी होईना. मग डिसेंबर १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं युक्ती काढली. तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते ही खाती प्रांतांच्या गळ्यात बांधली आणि त्यांच्यासाठी एक ठरीव रक्कम नेमून दिली. तीही आधीच्या खर्चापेक्षा कमी. उरलेलं तुम्ही स्थानिक कर लावून भरा. याला नाव दिलं विकेंद्रीकरण!

बाबासाहेबांनी या कारभाराचे टप्पे पाडले. १८७१ पासून नेमून दिलेल्या रकमेचं अंदाजपत्रक. १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी प्रांतांच्या हवाली. १८८२ पासून उत्पन्नात वाटा. दर पाच वर्षांनी वाटे पुन्हा ठरायचे, आणि प्रांताकडं चार पैसे जमले की वरचा हात पुढं यायचा. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. हा प्रांत स्वतःच्या मर्जीनं कर लावू शकतो? नाही. कर्ज काढू शकतो? नाही. अंदाजपत्रक स्वतः मंजूर करू शकतो? नाही. मोठ्या पगाराची नवी जागा निर्माण करू शकतो? नाही. मग हे प्रांताचं वित्त कसलं? मालकानं गड्याला महिन्याचा बाजार करायला दिलेल्या पैशाला गड्याची इस्टेट म्हणत नाहीत.

आणि पैसा यायचा कुणाकडून? जमीनमहसूल शेतकऱ्याच्या घामातून, मिठावरचा कर गरिबाच्या भाकरीतून. जायचा कुठं? लष्कर, पगार, पेन्शनी. शाळा आणि पाटबंधारे रांगेत शेवटी. पुस्तकाच्या अखेरीस ते असल्या जागी बोट ठेवतात की तिथं नुसते अर्थशास्त्री कधी पोचत नाहीत. ते म्हणतात, तिजोरीच्या वाटण्या कितीही सुधारा. ज्याच्या हातात तिजोरी आहे तो लोकांना जबाबदार नसेल तर सगळी सुधारणा पोकळ. परकं सरकार इथल्या जातीच्या रूढींना हात लावत नव्हतं, कारण वरच्यांना दुखवायची त्याला भीती होती. म्हणजे हिशेबाच्या वहीतून ते थेट सत्तेपाशी आणि जातीपाशी आले.

१९२७ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. तिथलं पहिलंच मोठं भाषण अंदाजपत्रकावर. त्यांनी मांडलं ते असं : आयकर उत्पन्न असेल तरच द्यावा लागतो, आणि जास्त कमावणाऱ्याला जास्त. जमीनमहसूल मात्र एका एकराच्या कुळंब्यानंही द्यायचा आणि मोठ्या जमीनदारानंही त्याच दरानं, पीक आलं काय, जळलं काय. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी २ रुपयांच्या वर काढतं. बस्स. दोन आकडे. शंभर घोषणांचं काम दोन आकड्यांनी केलं. गरिबाला पाजून जमवलेला पैसासुद्धा गरिबाच्या पोराच्या पाटीवर परत येत नाही, हे कुठल्याही पोराला कळेल अशी ती मांडणी.

आता महाड घ्या. चवदार तळ्याला आपण पाण्याची लढाई म्हणतो, माणुसकीची लढाई म्हणतो. ती आहेच. पण ती म्युनिसिपालटीच्या पैशाचीही लढाई होती, हे किती जणांनी ध्यानात घेतलंय? ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी कायदेमंडळात मंजूर करून घेतलेला ठराव काय होता? सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. सार्वजनिक पैशातून! सगळी मेख त्या शब्दात आहे. ज्या तळ्याची डागडुजी पट्टीच्या पैशातून होते त्या तळ्यावर पट्टी भरणाऱ्या कुणालाही बंदी घालता येत नाही. १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या म्युनिसिपालट्या हे मानणार नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. पहिला ठराव नीतीचा, दुसरा गल्ल्याचा. महाड म्युनिसिपालटीनं तळं खुलं केल्याचा ठराव कागदावर केला आणि कागदातच ठेवला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तो कागद पाण्यात उतरवला. चिडलेल्या सवर्णांच्या दडपणाखाली म्युनिसिपालटीनं ऑगस्टमध्ये ठराव रद्द केला. मग कोर्टात सवर्ण मंडळी सांगायला लागली की तळं सार्वजनिक नव्हेच, खाजगी आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात त्यांचा दावा पडला. दहा वर्षं भांडण कशाचं होतं? हे तळं कुणाच्या मालकीचं आणि कुणाच्या पैशावर जगतं, याचं.

म्हणून म्हणतो, बाबासाहेबांच्या लढ्यातनं अर्थशास्त्र वजा करून बघूच नका. खोतीविरुद्धचं १९३७ चं बिल घ्या, १९४७ ला संविधान सभेपुढं मांडलेली राज्य समाजवादाची योजना घ्या, सगळीकडं तोच वहीवाला माणूस आहे. ३० मे १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले की ऑडिटर जनरल हा राज्यघटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी आहे. राष्ट्रपती नव्हे, पंतप्रधान नव्हे, हिशेब तपासणारा! आणि या माणसाला स्वतंत्र भारतात कुठलं खातं मिळालं? कायदा. नियोजन खात्याचा शब्द दिला होता आणि पाळला नाही, हे १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी स्वतः सांगितलंय. देशातला जो माणूस सरकारी तिजोरी आतून-बाहेरून ओळखत होता त्याला तिजोरीपासून लांब ठेवला. प्रस्थापितांना नेमकं ठाऊक असतं, कुणाच्या हातात काय पडू द्यायचं नाही.

आता आजवर या.

१९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली. बाराव्या अनुसूचीत शहरांच्या नावावर १८ कामं लिहिली. पाणी, स्वच्छता, झोपडपट्टी सुधार, गरिबी निर्मूलन, सगळं. कामं दिली, पण कुठला कर पालिकेचा हे घटनेनं सांगितलं नाही. ते राज्याच्या मर्जीवर सोडलं. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमा, तो शिफारस करील, एवढंच. शिफारस मानायचं बंधन नाही. ओळखीचं वाटतंय ना? १८७० चा लॉर्ड मेयो धोतर नेसून मंत्रालयात बसलाय!

मुंबई पालिकेचं सगळ्यात मोठं स्वतःचं उत्पन्न जकातीचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. नाक्यावरची लाच आणि ट्रकांच्या रांगा गेल्या, त्याबद्दल कुणी रडू नये. पण बदल्यात काय आलं? राज्याच्या कायद्यानं ठरवलेली भरपाई, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून, महिन्याच्या महिन्याला मंत्रालयातून. म्हणजे नेमून दिलेली रक्कम. बाबासाहेबांच्या पुस्तकातला पहिला टप्पा, १८७१ सालचा. जानेवारी २०२२ पासून मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. गरिबाला, मध्यमवर्गाला माफी मिळाली, चांगलं झालं. पण पालिकेच्या कराबद्दलचा शेवटचा शिक्का मारला राज्याच्या मंत्रिमंडळानं. बाबासाहेबांचे चार प्रश्न आज कुठल्याही महापालिकेला विचारा. उत्तरं तपासा.

आणि जबाबदारी? मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ आयुक्त तोच प्रशासक. अंदाजपत्रक त्याच्या हाताखालच्यांनी बनवायचं आणि त्यानंच मंजूर करायचं. २०२५-२६ चं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटींचं. एवढ्या पैशावर लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाचं मत पडलं नाही. नगरसेवक काय धुतल्या तांदळाचे होते असं मी म्हणत नाही. पण चोर नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याची कॉलर तरी धरता येते. प्रशासकाच्या दारात सिक्युरिटी उभी असते.

हा पैसा कुणाच्या घामावर उभा आहे? गटारात उतरणारा, कचऱ्याची गाडी भरणारा बहुतेक आपलाच. त्यातल्या हजारोंना वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलं. अंदाजपत्रकात त्यांचा पगार पगाराच्या खात्यात दिसायचाच नाही, कंत्राटदाराच्या बिलात दिसायचा. माणूस गायब, बिल हजर. कचरा वाहतूक श्रमिक संघानं कोर्टात वर्षानुवर्षं झुंज दिली तेव्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या २,७०० जणांना कायम करायला लावलं. पाण्याचंही तसंच. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं की झोपडी बेकायदा असली तरी आत राहणाऱ्या माणसाला पाणी द्या. महाडनंतर ८७ वर्षांनी!

माझ्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाची दारं दोन पावसाळे नव्हती. बायका रात्री चौघी मिळून जायच्या, तिघी पहाऱ्याला. ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाला, फंड नाय. पोरांनी माहितीच्या अधिकारात कागद काढले. फंड होता. मंजूर होता. मार्चअखेर खर्च न होता दुसरीकडं वळला होता, रस्त्याकडेच्या शोभेच्या दिव्यांना. तो कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला तेव्हा साहेबानं पहिल्यांदा आम्हाला खुर्ची दिली. दारं महिन्यात बसली. मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडलो तेव्हा न बसलेली दारं एका झेरॉक्सनं बसवली.

हे वळवणं फक्त वॉर्डात चालतं असं समजू नका. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढायची विशेष घटक योजना आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी दुसऱ्या योजनेकडं वळवले. खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर बोंब मारली. बहिणींना पैसे द्या, आमच्याही बहिणी आहेत. पण आमच्या पोरांच्या वसतिगृहाचा घास काढून का? कर्नाटक, आंध्र, तेलंगणात या पैशाला कायद्याची कुंपणं घातलीत, कमी-जास्त मजबूत. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या कर्मभूमीत, असल्या कायद्याची मागणी करायला किती मोर्चे निघाले? पुतळ्याची उंची ठरवायला जेवढे निघाले त्याच्या निम्मेही नाहीत.

काही पोरं म्हणतील, हे आकडेमोडीचं काम कारकुनाचं. क्रांती रस्त्यावर होते. रस्ता पाहिजेच, त्याशिवाय कोण ऐकतो? महाडला पाच-दहा हजार पावलं तळ्याकडं गेली नसती तर बोल्यांचा ठराव दप्तरात कुजला असता. पण ठराव नसता, सार्वजनिक पैशाचा मुद्दा नसता, कोर्टात टिकणारा कागद नसता, तर ती पावलं एका दिवसाची दंगल म्हणून नोंदवली गेली असती. बाबासाहेबांच्या एका हातात पाण्याची ओंजळ होती आणि दुसऱ्या हातात खातेवही. आपण ओंजळीचं चित्र काढलं आणि वही रद्दीत घातली.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या पोरांना सांगणं आहे. पाच जण जमा व्हा. एक कॉमर्सचा असू द्या, एक गटारात काम करणाऱ्याचा पोरगा असू द्या, आणि दोन तरी मुली असू द्या, कारण संडासाचं दार कुणाला लागतं ते त्यांना जास्त कळतं. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत येतं, कुणालाही मिळतं. आपल्या वॉर्डाची पानं काढा. चार रकाने पाडा : मंजूर किती, खर्च किती, वळवले किती, कंत्राट कुणाला. गेल्या तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. न कळलं तर विचारा, शिकवणारी माणसं आहेत. मग तो कागद बुद्धविहाराच्या भिंतीवर, चहाच्या टपरीवर, रेशनच्या लायनीत मोठ्या अक्षरात चिकटवा. म्हातारीलाही कळला पाहिजे, असा लिहा. १४ आणे आणि २ रुपये, तसा.

आणि तुमच्यातला एखादा हुशार पोरगा, एखादी पोरगी अर्थशास्त्राकडं गेली तर तिला कुणी सांगू नका की हा आपला विषय नाही, नोकरीचं बघ. हा आपलाच विषय आहे. आपला पहिला डॉक्टरेट यातच झाला. तिला फक्त एवढं सांगा : शिकून झाल्यावर वही घेऊन वस्तीत ये.

पुढच्या १४ एप्रिलला मिरवणुकीत एक गाडी वाढवा. त्यावर पुतळा नको. वॉर्डाचं अंदाजपत्रक लावा, दहा फूट उंच. बघू, कोणता पुढारी त्या गाडीवर चढून फोटो काढतो.

जय भीम!